नोव्हेंबरचा दाखला



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांचं नाव माझ्या पाठीमागच्या फलकावर आहे. मी त्यांना सव्वीस वर्षं ‘बाई’ म्हणत आले, आजही तेच म्हणणार. कोर्टात उभं राहायला मी त्यांच्या हाताखाली शिकले. नवी पक्षकार यायची, रडून व्हायचं, चहा व्हायचा, आणि मग बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नवरा मारतो का, सासू कशी आहे, हे सगळं नंतर. आधी विचारायच्या, “ते नोकरीला कधी लागले? आणि तुमचं लग्न कधी झालं?” या दोन तारखा मी कागदाच्या डोक्यावर लिहून घ्यायची. बाई त्या का विचारतात, हे मला बरीच वर्षं उमगलं नाही, कारण त्या दोन तारखांचा काही उपयोग करता येईल असं एकही कलम आपल्या विवाहाच्या कायद्यात नव्हतं. आजही नाही. मला आज बोलायचं आहे ते या दोन तारखांबद्दल.

एका बाईंची हकिगत सांगते. नाव, गाव काही सांगत नाही. नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात होता. सत्तावीस वर्षांचा संसार, सहा बदल्या, प्रत्येक बदलीत मुलांच्या शाळा, गॅसची जोडणी, रेशनकार्ड हे सगळं या बाईंनी नव्याने उभं केलं. नवरा निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी घटस्फोट झाला. कोर्टाने महिना नऊ हजार रुपये पोटगी ठरवली. ती नवऱ्याच्या पेन्शनच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला या बाईंच्या खात्यात यायची.

सरकारी पेन्शन घेणाऱ्याला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. अलीकडे मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, पण त्या गृहस्थांना बँकेत जाऊन अंगठा लावायची सवय होती. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. त्यांची थांबली की या बाईंचे नऊ हजारही थांबणार. म्हणून दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या बाई आपल्या एके काळच्या नणंदेला फोन करायच्या आणि विचारायच्या, “दादांनी दाखला दिला का हो?” बाकी काही बोलणं नसायचं. नणंद भली होती, चौकशी करून सांगायची. ज्या माणसाशी कायद्याने कसलंही नातं उरलेलं नाही, त्याचा अंगठा बँकेत उमटला की नाही यावर एका बाईच्या घरचं वाणसामान अवलंबून होतं. सात वर्षं हे चाललं. आठव्या वर्षी काय झालं, ते पुढे सांगते. त्याआधी पेन्शन म्हणजे काय, तिकडे वळू.

हा शब्द आपल्याकडे आला तो मेहेरबानीचा अर्थ घेऊन. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. कंपनी सरकारने त्याला सालीना आठ लाख रुपयांची पेन्शन बांधून दिली आणि बिठूरला नेऊन ठेवलं. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव गेला आणि त्याच्या दत्तक मुलाला, नानासाहेबाला, ती पेन्शन नाकारण्यात आली. पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. मला त्यातली एवढीच गोष्ट इथे हवी आहे की देणाऱ्याची मर्जी होती तोवर आणि घेणाऱ्याचा श्वास होता तोवरच ती पेन्शन होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १८७१ साली, पेन्शनचा कायदा झाला. तो आजही लागू आहे. त्याचं अकरावं कलम वाचलं तर राजकीय कारणांसाठी दिलेल्या पेन्शनी आणि नोकरीबद्दल दिलेल्या पेन्शनी एकाच वाक्यात बांधलेल्या दिसतात. सावकाराने म्हणा, कोर्टाच्या हुकुमाने म्हणा, या पैशाला हात लावायचा नाही, असं ते कलम सांगतं. बारावं कलम त्याच्याही पुढे जातं. अजून हाती न आलेली पेन्शन कुणाला लिहून दिली तर ते लिहून देणंच रद्दबातल.

हेतू चांगला होता. म्हातारपणी माणूस सावकाराच्या तावडीत सापडू नये, यासाठी ती ढाल होती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात तीच ढाल आहे आणि १९५२ च्या भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात दहाव्या कलमातही तीच आहे. अडचण अशी झाली की घटस्फोटाच्या कज्ज्यात नवरे आणि त्यांचे वकील ही ढाल बायकोसमोर धरू लागले. किराणा दुकानदार, पतपेढी, सावकार आणि सत्तावीस वर्षं संसार केलेली बाई, सगळे एकाच रांगेत.

पगाराच्या बाबतीत संसदेला हा फरक कळला होता. साठाव्या कलमातच लिहिलेलं आहे की साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित राहील, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहील. म्हणजे पोटगीसाठी पगाराच्या दोन तृतीयांशापर्यंत पोचता येतं. पेन्शनसाठी मात्र असं पोटकलम कुणी घातलं नाही. पगार असेपर्यंत ती बायको, पेन्शन सुरू झाल्यावर ती सावकार. ही चूक दुरुस्त करायला फार वर्षं लागली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की पोटगी मागणारी पत्नी म्हणजे धनको नव्हे, आणि म्हणून अकराव्या कलमाची ढाल तिच्याविरुद्ध चालणार नाही. पोटगीच्या थकबाकीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येईल. माझ्या बाई तेव्हा असत्या तर त्यांनी त्या निकालाची प्रत काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली असती. मी ठेवली आहे.

पण या निकालाने दिलं काय? पेन्शनमधून पोटगी वसूल करायची वाट मोकळी केली. पेन्शनमध्ये वाटा दिला नाही. पोटगी आणि वाटा यांतला फरक आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे.

पोटगी गरजेवर ठरते. तिला किती लागतं, त्याला किती देणं झेपतं, हे न्यायाधीश पाहतात. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी-जास्त होते. तिने पुन्हा लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली ती बंद करता येते. तिचं चारित्र्य शुद्ध राहिलं नाही असं दाखवलं तरी बंद करता येते. त्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात हे शब्द आजही आहेत. उलटतपासणीत साठीच्या बाईला तिच्या शेजाऱ्याबद्दल विचारलेले प्रश्न मी ऐकले आहेत आणि ते इथे सांगायची माझी इच्छा नाही. वाट्याचं तसं नसतं. भाऊ-भाऊ वाटणी करतात तेव्हा धाकट्याची वागणूक कशी आहे, त्याला गरज किती आहे, हे कुणी विचारत नाही. जे त्याचं आहे ते त्याला मिळतं.

मग पेन्शन तिची आहे का? याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिलं. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही, केलेल्या कामाचा तो मागे ठेवलेला मोबदला आहे. देशभरचे पेन्शनर त्या तारखेला पेन्शनर दिन पाळतात. बिठूरच्या जगातून आपण तिथे येऊन पोचलो. आता एक पाऊल पुढे टाका. पेन्शन हा जर मागे ठेवलेला पगार असेल, तर तो कोणत्या वर्षांचा? ज्या वर्षांत तो कामावर जात होता आणि घरी डबा, मुलं, आजारपणं, सासू-सासरे आणि सहा बदल्या दुसरं माणूस सांभाळत होतं, त्या वर्षांचा. पहिल्या तारखेला हाती आलेला पगार दोघांच्या संसाराचा मानायचा आणि त्यातून मागे ठेवलेला पगार एकट्याचा मानायचा, याला मला तरी काही आधार सापडत नाही.

आता त्या बाईंच्या आठव्या वर्षाकडे येते. पावसाळ्यात ते गृहस्थ गेले. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, कायदेशीर होतं. कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या पत्नीला सुरू झालं. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं, घटस्फोटित पत्नी त्या नियमांतल्या ‘कुटुंबा’त बसत नाही. न्यायिक फारकत घेतलेली बसू शकते, घटस्फोटित नाही. पोटगीचा हुकूम होता, पण तो वसूल करायला मागे काहीच नव्हतं. पंचविसाव्या कलमात स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवायची सोय आहे. घर मात्र त्यांच्या आईच्या नावावर होतं. पुढच्या महिन्याची पाच तारीख कोरडी गेली. त्या पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. पासबुकाला प्लॅस्टिकचं कव्हर होतं, त्यात त्यांनी हुकुमाची झेरॉक्स घडी करून ठेवली होती. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, माझा काही फॉर्म भरायचा राहिला का?”

काहीच राहिलं नव्हतं. भरण्यासारखा फॉर्मच नव्हता.

असा फॉर्म, म्हणजे असा हुकूम, जगात कुठे आहे का, हे मी त्यानंतर शोधायला लागले. एक तारीख सापडली आणि मी थबकले. १४ सप्टेंबर १९८४ रोजी आपला कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्याच्या बावीस दिवस आधी, २३ ऑगस्ट १९८४ रोजी, अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली होती. आपल्या कायद्याच्या सातव्या कलमाने कुटुंब न्यायालयाला पती-पत्नीच्या मालमत्तेचे वाद चालवायचा अधिकार दिला, पण कोणाचा वाटा किती, हे सांगणारा कायदा दिला नाही. अमेरिकेने त्या ऑगस्टात कोर्टाने ठरवलेला वाटा जोडीदाराच्या हाती पोचवायची वाट करून दिली, आणि तीही पेन्शनबद्दल.

त्यांच्याकडेही आधी ढालच होती. १९६३ साली साऊथ बेंड इथला स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांच्या पेन्शनी बुडाल्या किंवा नावापुरत्या उरल्या. ती आठवण विसरली गेली नाही आणि १९७४ साली खासगी नोकऱ्यांतल्या पेन्शनींना संरक्षण देणारा मोठा कायदा झाला. पेन्शन कुणाला लिहून देता येणार नाही, कुणाला जप्त करता येणार नाही, हे त्यात होतं. लगेच तोच प्रश्न उभा राहिला. घटस्फोटाच्या कोर्टाने बायकोला पेन्शनमधला भाग दिला तर तो या मनाईत अडकतो का? दहा वर्षं वेगवेगळी कोर्टं वेगवेगळं सांगत राहिली. १९८४ च्या कायद्याने वाद मिटवला. त्याच्या पाठपुराव्यात जेराल्डिन फेरारो या लोकप्रतिनिधी पुढे होत्या. त्या उन्हाळ्यात त्या रेगन यांच्या विरोधी पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या, आणि तरीही त्या कायद्यावर रेगन यांनी सही केली. बायकांच्या म्हातारपणाचा प्रश्न पक्षाच्या वरचा मानला गेला, याचं मला फार मोल वाटतं.

या कायद्याने ढालीला एक दार ठेवलं. घटस्फोटाच्या कोर्टाने ठरावीक नमुन्यातला हुकूम दिला, तर पेन्शन चालवणाऱ्या संस्थेने तो भाग थेट बायकोला, मुलाला किंवा आधीच्या बायकोला द्यायचा. नवराच आधीचा असेल तर त्याला द्यायचा. त्या हुकुमाच्या नावाची आद्याक्षरं जोडून तिथले वकील त्याला ‘क्वाड्रो’ म्हणतात. त्यात दोघांची नावं-पत्ते हवेत, रक्कम किंवा टक्केवारी हवी, किती काळ द्यायचं ते हवं, आणि नेमकी कुठली पेन्शन योजना ते हवं. योजनेत नसलेला लाभ मागता येत नाही. हुकूम हातात आला की योजनेचे प्रशासक तो तपासतात, आणि तो योग्य आहे की नाही ते ठरेपर्यंत तिच्या वाट्याचा पैसा अठरा महिन्यांपर्यंत बाजूला काढून ठेवावा लागतो. तिचा वाटा स्वतंत्र करता येतो. मग त्याची निवृत्ती लांबली तरी, योजनेत ठरलेलं कमीत कमी वय त्याने गाठलं की तिची पेन्शन तिच्या आयुष्याच्या हिशेबाने सुरू होऊ शकते. त्याच्या दाखल्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि वाटा किती, याचा हिशेब? इथे बाईंच्या दोन तारखा येतात. तिथे अनेक राज्यांत कोर्टं हा हिशेब असा करतात. समजा नोकरी तीस वर्षांची आणि त्यातली वीस वर्षं लग्नाची. तीसपैकी वीस वर्षांची पेन्शन संसारात कमावलेली, तिच्यातली निम्मी तिची. वीस भागिले तीस, गुणिले अर्धा, म्हणजे एक तृतीयांश. मूळ पेन्शन तीस हजार असेल तर दहा हजार. पहिली दहा वर्षं, लग्नाआधीची, त्याची त्याला. मी पहिल्यांदा ही त्रैराशिकाची ओळ वाचली तेव्हा मला कागदाच्या डोक्यावर लिहिलेल्या त्या शेकडो जोड-तारखा आठवल्या. बाई १९८० च्या दशकापासून या हिशेबाचा पूर्वार्ध मांडून ठेवत होत्या. उत्तरार्ध करायला कायदा आला नाही.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असं मला म्हणायचं नाही. क्वाड्रोमध्ये एक ओळ राहिली की घात होतो. तिची पेन्शन सुरू व्हायच्या आधी तो गेला तर तिला हयात जोडीदार समजावं, ही ती ओळ. ती नसेल तर तिच्या हाती काहीच न येण्याची भीती असते. २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर उलटी गोष्ट आली. घटस्फोटात बायकोने बचत योजनेवरचा हक्क सोडला होता, पण नवऱ्याने योजनेतला वारसाचा कागद कधी बदलला नाही. तो गेल्यावर सुमारे चार लाख डॉलर आधीच्या बायकोला मिळाले आणि न्यायालयाने ते कायम ठेवले, कारण योजनेने आपल्याकडच्या कागदाप्रमाणेच चालायचं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचा घटस्फोट झाला आहे त्यांनी घरी गेल्यावर भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन एकदा काढून पाहावं.

सैनिकांच्या पेन्शनची गोष्ट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. १९८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लष्करी पेन्शन राज्यांच्या कोर्टांना वाटता येणार नाही. सैनिकांच्या बायकांनी अमेरिकी काँग्रेसचे उंबरे झिजवले आणि सव्वा वर्षाच्या आत, सप्टेंबर १९८२ मध्ये, कायदा बदलला. पण एक फट राहिली. अपंगत्वाचा भत्ता घ्यायचा असेल तर सैनिकाला अनेकदा पेन्शनचा तेवढा भाग सोडावा लागतो, आणि सोडलेला भाग वाटला जात नाही. २०१७ साली एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. हवाई दलातल्या निवृत्त सैनिकाची पेन्शन दीड हजार डॉलरच्या आसपास, तिची निम्मी आधीच्या बायकोला ठरलेली. घटस्फोटानंतर बऱ्याच वर्षांनी त्याने अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अडीचशे डॉलर पेन्शन सोडली. तिचे महिन्याला सव्वाशे डॉलर गेले. कोर्टाने सांगितलं, ते तिला भरून देता येणार नाहीत.

हे वाचताना मला आपलं अंशराशीकरण आठवलं. सरकारी पेन्शनर ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे घेऊ शकतो. तीस हजारांतले बारा हजार विकले तर साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला बारा लाखांच्या जवळपास रक्कम हाती येते आणि पुढची पंधरा वर्षं त्याची मासिक पेन्शन अठरा हजारांवर येते. आता संमतीच्या अटींत कुणी भाबडेपणाने लिहिलं असेल की ‘मिळणाऱ्या मासिक पेन्शनच्या एक तृतीयांश’, तर तिचे दहा हजार सहा हजारांवर आले. बारा लाख त्याच्या बँकेत. त्याने काही लबाडी केली असं नाही, तो पर्याय प्रत्येकाला असतो. तो कागद लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायला हवा होता. अशी एक अट एके काळी मीही लिहिली आहे. ती पक्षकार मला अजून संक्रांतीला तिळगूळ द्यायला येते, आणि मला तिच्या डोळ्यांना डोळा देता येत नाही.

जर्मनीने हा प्रश्न १९७७ मध्येच सोडवला. तिथे घटस्फोटाबरोबर पेन्शनच्या हक्कांचा समतोल कोर्ट स्वतःहून करतं, मागावं लागत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून पेन्शनची विभागणी करता येते. जपानमध्ये २००७ साली सोय झाली आणि २००८ च्या एप्रिलनंतरच्या काळापुरता घरी राहणाऱ्या जोडीदाराला निम्मा हिस्सा नुसत्या अर्जावर मिळतो. आणि फार लांब जायची गरज नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एक धरली जाते आणि संसार मोडला तर निम्मी-निम्मी होते. सावंतवाडीहून बांद्याची हद्द ओलांडली की विवाहित बाईचा मालमत्तेशी असलेला संबंधच बदलतो. तिथल्या व्यवहारात उणिवा आहेत, पण ‘निम्मं तिचं’ हे वाक्य तिथे कायद्याचं आहे, आपल्याकडे ते अजून भाषणातलं आहे.

आपण अगदीच प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २०१० सालचं विवाह कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं. नवऱ्याच्या मालमत्तेतून बायकोला वाटा देण्याची तरतूद त्यात घातली गेली होती. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. एक सुधारणा मात्र नोंदवायला हवी. जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला, घटस्फोटाचा दावा चालू असेल किंवा कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवऱ्याच्या आधी मुलांचं नाव देता येतं. म्हणजे संसार मोडत असताना पेन्शनचं काय, हा प्रश्न सरकारला दिसतो. तो पूर्ण बघायला हवा.

कायदा येईपर्यंत आम्ही वकिलांनी काय करायचं? संमतीच्या घटस्फोटात ‘भूत, वर्तमान व भविष्यकाळातील पोटगीचा हक्क सोडला आहे’ हे छापील वाक्य पाहून सही घ्यायची नाही, हे पहिलं. पेन्शन लिहून देता येत नाही, म्हणून वाटा पोटगीच्या भाषेत लिहायचा, पण रक्कम दोन तारखांच्या हिशेबाने काढायची. ती विक्रीपूर्वीच्या मूळ पेन्शनवर बांधायची आणि महागाई वाढेल तशी वाढेल असं लिहायचं. उपदान आणि भविष्य निर्वाह निधीच्या बदल्यात दुसरी एखादी मिळकत, घर असेल तर घर, तिच्या नावे करून घ्यायचं. आणि त्याच्या मृत्यूनंतरसाठी आयुर्विम्याची पॉलिसी तिच्या नावे रीतसर असाइन करून घ्यायची. पेन्शनच्या कायद्यानंतर तीनच वर्षांनी, १८७४ साली, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमाखाली बायको-मुलांसाठी काढलेल्या पॉलिसीला नवऱ्याचे सावकारही हात लावू शकत नाहीत. इतक्या जुन्या कपाटात इतकी उपयोगी वस्तू पडून आहे. परदेशी मुली दिलेल्या आई-वडिलांसाठी आणखी एक. जावई अमेरिकेत नोकरीला असेल आणि घटस्फोट पुण्या-ठाण्याच्या कोर्टात झाला, तर इथला हुकूम तिथल्या पेन्शनच्या खात्यावर थेट चालत नाही. क्वाड्रोला तिथल्या राज्याच्या कौटुंबिक कायद्याचा आधार लागतो. इथे सही करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

गेल्या वर्षी माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या एक शिक्षिका आल्या. जुन्या पेन्शनवाल्या. २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्या धाकट्या शिक्षकांसाठी मार्च २०२३ च्या संपात त्या स्वतः उन्हात बसल्या होत्या, पेन्शन म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. नवरा शेती करणारा. कोरडवाहू दोन एकर. यांची नेमणूक दूरच्या गावांत, आणि मुलांना शाळेत सोडणं, आणणं, यांच्या आईचं दुखणं काढणं, हे बरीच वर्षं त्याने केलं. मग तो दारूत गेला, पुढे घर सोडून गेला. त्यांना घटस्फोट हवा होता. मी त्यांना हे सगळं सांगत होते, नागपूरचा निकाल, नकारा, वाटा आणि पोटगी. उत्साहाने सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं.

“मॅडम, म्हणजे उद्या तुमचा कायदा झाला, तर माझ्या पेन्शनीतलं त्यालाही द्यायचं?”

मला लगेच बोलता आलं नाही. मग मी म्हटलं, “हो ताई. ज्या वर्षांत त्याने घर धरलं, त्या वर्षांपुरतं द्यावं लागेल.”

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांचं टेबलं आवरणं चाललं होतं. मग त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, माझ्याच कागदाच्या डोक्यावर लग्नाची तारीख लिहिली, त्याने घर सोडलं ती तारीख लिहिली, आणि बोटांवर वर्षं मोजायला लागल्या.